खेळांतील पोशाख व एक लहानशी स्क्रिप्ट

कोणतेंहि काम दहा वेळां हातानें केलें म्हणजे मनुष्याला त्याचा कंटाळा येतो, आणि कंटाळा आला म्हणजे तें काम दुसऱ्याकडून करून घेण्याची युक्ति तो शोधूं लागतो. संगणकावरील पुष्कळशा लहान आज्ञालेखांचा जन्म अशा कंटाळ्यांतूनच होतो. गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळीं आम्हांवरहि असाच प्रसंग आला. 'माइनक्राफ्ट' हा खेळ खेळणाऱ्या आमच्या ३७ सोबत्यांच्या पात्रांचे चेहरे एका मोठ्या तक्त्यावर छापून तो तक्ता प्रदर्शनांत लावावा, असें आम्हीं ठरविलें होतें. एकेक चित्र शोधून उतरवून घेण्यांत दोन-तीन संध्याकाळी सहज गेल्या असत्या. म्हणून आम्हीं एक लहानशी स्क्रिप्ट लिहिली. ती अवघी चाळीस ओळींची होती. ती कशी रचावी हें सांगावें, आणि ती रचतांना आमच्या हातून जी चूक घडली तीहि न लपवितां सांगावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

'स्क्रिप्ट' हा शब्द आपण नाटकाच्या किंवा चित्रपटाच्या संदर्भांत ऐकतों. नटानें काय बोलावें व केव्हां बोलावें हें जसें संहितेंत लिहिलेलें असतें, तसेंच संगणकानें काय करावें व कोणत्या क्रमानें करावें हें या आज्ञालेखांत लिहिलेलें असतें. भेद इतकाच कीं, संहितेंत चूक असली तर नट ती ओळखून सांवरून घेतो. संगणक मात्र चूकहि तितक्याच निष्ठेनें पार पाडतो. हा भेद वाचकांनीं आरंभींच ध्यानांत ठेवावा.

स्किन म्हणजे काय?

माइनक्राफ्ट हा खेळ मार्कस पेर्सन या स्वीडिश गृहस्थानें निर्माण केला. त्याचें पहिलें रूप मे २००९ मध्यें लोकांपुढें आलें व पूर्ण आवृत्ति नोव्हेंबर २०११ मध्यें प्रसिद्ध झाली. स्टॉकहोम येथील मोजांग ही त्याची कंपनी २०१४ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें अडीचशें कोटि डॉलरांना विकत घेतली. या खेळांतील जग ठोकळ्यांचें आहे. माती, दगड, लांकूड यांचे चौकोनी ठोकळे रचून खेळाडू घरें, पूल व किल्ले बांधतात. खेळाडूचें पात्रहि ठोकळ्यांचेंच असतें. संगणकाच्या पडद्यावरील चित्राचा जो सर्वांत लहान ठिपका, त्यास पिक्सेल म्हणतात. त्या मापानें पात्राचें डोकें रुंदी, उंची व खोली या तिन्ही बाजूंनीं ८ ठिपक्यांचें, धड ८ रुंद, १२ उंच व ४ खोल, आणि प्रत्येक हात व पाय ४ रुंद, १२ उंच व ४ खोल असतो. म्हणजे पाय १२, धड १२ व डोकें ८ मिळून पात्राची उंची बरोबर ३२ ठिपके होते.

या उघड्या ठोकळ्यांवर जें रंगीत वेष्टन चढवितात, त्यास 'स्किन' म्हणजे कातडें म्हणतात. आम्ही त्यास पोशाख म्हणूं. भूमितीच्या तासाला आपण पुठ्ठ्यावर सहा चौरस काढून, तो कापून व दुमडून घन तयार करतों. स्किनचें चित्र म्हणजे असाच उलगडून सपाट केलेला पुठ्ठा होय. त्यांत डोक्याच्या, धडाच्या व हातापायांच्या सर्व बाजू शेजारीं शेजारीं मांडलेल्या असतात आणि खेळ त्या दुमडून पात्रावर बसवितो. हें चित्र ६४ ठिपके रुंद व ६४ ठिपके उंच असतें. म्हणजे त्यांत एकूण ४०९६ ठिपके मावतात. २०१४ पूर्वींचें चित्र याच्या निम्मे, म्हणजे ६४ रुंद व ३२ उंच असे. त्यांत एकाच हाताचें व एकाच पायाचें चित्र असून दुसरी बाजू आरशांतील प्रतिमेप्रमाणें उलट करून वापरीत. त्याच वर्षीं तीन ठिपके रुंदीच्या सडपातळ हातांचें एक निराळें शरीरहि खेळांत आलें. सपाट चित्रांत कोणता चौकोन कोठें असावा हें ठरलेलें आहे. डाव्या व वरच्या कडेपासून शून्यानें मोजूं लागल्यास आठव्या स्तंभापासून व आठव्या ओळीपासून सुरू होणारा ८ × ८ चा चौकोन म्हणजे चेहरा. चाळिसाव्या स्तंभापासून, त्याच ओळीवर, सुरू होणारा चौकोन म्हणजे चेहऱ्यावरील दुसरा थर. टोपी, चष्मा, केसांच्या बटा वगैरे यांवर काढतात. आमच्या तक्त्यासाठीं आम्हांला हे दोनच चौकोन हवे होते.

नांवापासून चित्रापर्यंत

आतां हें चित्र कोठें असतें? या खेळाची जी 'जावा' नांवाची आवृत्ति आहे, तींत प्रत्येक खेळाडूचें चित्र मोजांगच्या सर्व्हरवर, म्हणजे सर्वांच्या मागण्या पुरविणाऱ्या दूरच्या संगणकावर, ठेवलेलें असतें. परंतु नांव सांगतांच चित्र हातीं येत नाहीं. तेथें तीन पायऱ्यांनीं जावें लागतें.

पहिल्या पायरीवर आपण खेळाडूचें नांव देतों आणि सर्व्हर त्याचा ओळखक्रमांक सांगतो. हा क्रमांक ३२ चिन्हांचा असून तो ० ते ९ हे अंक व 'ए' ते 'एफ' हीं अक्षरें यांनीं बनलेला असतो. नांवानेंच काम कां भागवूं नये, असा प्रश्न येथें सहज उत्पन्न होतो. त्याचें उत्तर असें कीं, २०१५ पासून खेळाडूला आपलें नांव बदलतां येतें, परंतु क्रमांक बदलत नाहीं. आपल्या शाळेच्या हजेरीपटांतहि एकाच नांवाचे दोन विद्यार्थी असूं शकतात. रजिस्टर क्रमांक मात्र दोघांचा एक नसतो.

दुसऱ्या पायरीवर हा क्रमांक देऊन आपण खेळाडूची माहिती मागतों. उत्तर येतें तें प्रथम पाहतां अगदीं अगम्य दिसतें. त्यांत अक्षरांची व अंकांची एक लांबलचक माळ असते. ही गुप्तलिपि असावी असें आम्हांला प्रथम वाटलें. परंतु ती गुप्तलिपि नाहीं. कोणताहि मजकूर केवळ ६४ ठराविक चिन्हांत लिहिण्याची ही एक सर्वमान्य रीति असून तिला 'बेस चौसष्ट' म्हणतात. मूळ मजकुराच्या प्रत्येक तीन अक्षरांबद्दल ती चार चिन्हें लिहिते. जुन्या दप्तरांतील मोडी कागद पाहून, ज्याला मोडी येत नाहीं त्याला तो गूढ वाटतो. ज्याला येते तो तो सरळ वाचतो. तसेंच हें. संगणकाला ही रीति मुळांतच ठाऊक असते. एका आज्ञेनें तो ती माळ उलगडून देतो. उलगडलेल्या मजकुरांत चित्राचा पत्ता सांपडतो, व हात सडपातळ असल्यास तशी नोंदहि आढळते. चित्राच्या पत्त्याचा उल्लेख त्यांत नसेल, तर त्या खेळाडूनें स्वतःचा पोशाख चढविलेला नाहीं असें समजावें व पुढील नांवाकडे वळावें.

तिसऱ्या पायरीवर त्या पत्त्यावरून आपण चित्र उतरवून घेतों. हें चित्र 'पीएनजी' या प्रकारचें असतें. १९९६ सालीं निश्चित झालेल्या या प्रकाराचा गुण असा कीं, त्यांत चित्र दाबून लहान केलें तरी एकाहि ठिपक्याचा रंग बदलत नाहीं. छायाचित्रांसाठीं वापरतात त्या 'जेपेग' प्रकारांत जवळजवळचे रंग किंचित् एकमेकांत मिसळतात. मोठ्या छायाचित्रांत तें कळत नाहीं. परंतु ज्या चेहऱ्यांत सारे ६४च ठिपके, त्यांतील डोळ्याचा एक ठिपका विटला तरी सर्व भाव बिघडतो.

स्क्रिप्टची रचना

आम्हीं स्क्रिप्ट 'पायथन' या भाषेंत लिहिली. खिडो व्हान रॉसम या डच गृहस्थानें १९९१ सालीं प्रसिद्ध केलेली ही भाषा आरंभ करणाऱ्यास सोपी पडते. रचना येणेंप्रमाणें होती. प्रथम एका साध्या फाइलींत, एका ओळीवर एक याप्रमाणें, ३७ नांवें लिहिलीं. स्क्रिप्टनें ती फाइल उघडावी व एकेक ओळ वाचावी. प्रत्येक नांवासाठीं वरील तीन पायऱ्या चढाव्या. आलेलें चित्र खेळाडूच्या नांवाच्या फाइलींत लिहावें. आणि पुढील नांव घ्यावें. सारीं नांवें संपलीं म्हणजे थांबावें. चेहरा कापून घेण्याचें व तो मोठा करण्याचें काम मागाहून दुसऱ्या एका लहान आज्ञालेखाकडे दिलें. मोठा करतांना एक काळजी घ्यावी लागली. संगणक चित्र मोठें करतांना सहसा ठिपक्यांच्या कडा गुळगुळीत करतो, त्यामुळें असा चेहरा धुक्यांतून पाहिल्यासारखा दिसतो. म्हणून प्रत्येक ठिपक्याचा जसाच्या तसा ४० पट मोठा चौकोन कर, अशी स्पष्ट आज्ञा द्यावी लागते. मग ८ ठिपक्यांचा चेहरा ३२० ठिपक्यांचा होऊनहि रेखीव राहतो.

आमची चूक

स्क्रिप्ट तयार झाली तेव्हां रात्रीचे नऊ वाजले होते. ती चालते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं, एका नांवावर प्रयोग करण्याचें सोडून, आम्हीं ती सर्व नांवांवर चालविली. आणि एक शब्द बदलला कीं पुनः, असें पांच-सहा वेळां लागोपाठ केलें. प्रत्येक नांवास तीन प्रश्न म्हणजे एका खेपेस १११ प्रश्न. शेवटच्या खेपेस पडद्यावर 'काम पूर्ण झालें' अशी ओळ उमटली व ३७ फाइली एका रांगेंत दिसूं लागल्या. आम्हांला अर्थातच मोठा आनंद झाला.

तो आनंद फार वेळ टिकला नाहीं. फाइली उघडून पाहतों, तों पांच निरनिराळ्या नांवांखालीं एकच चेहरा! त्याचें कारण शोधण्यास आम्हांला एक तास लागला. आम्हीं इतके प्रश्न इतक्या घाईनें विचारले होते कीं, सर्व्हरनें मध्येंच '४२९' या क्रमांकाचें उत्तर दिलें होतें. 'फार मागण्या झाल्या, थांबा' असा त्याचा अर्थ. परंतु अडचण आली तर गप्प राहून पुढें जा, अशी आज्ञा आम्हींच स्क्रिप्टला देऊन ठेवली होती. ती गप्प राहिली. नवें चित्र आलें नव्हतें, मागील खेळाडूचें चित्र तिच्या हातांत तसेंच होतें, आणि फाइल लिही ही आज्ञा पुढें होतीच. म्हणून मागील मुलाचाच चेहरा तिनें पुढील पांच मुलांच्या नांवांवर निमूटपणें लिहून टाकला. त्या स्थितींत तक्ता छापला असता, तर पांच जणांना आपल्या नांवाखालीं दुसऱ्याचेंच तोंड पाहावें लागलें असतें.

परंतु याहून मोठी हानि दुसऱ्या दिवशीं सकाळीं कळली. आमचा धाकटा भाऊ इयत्ता सहावींत आहे. तोहि हा खेळ खेळतो व त्याचेंहि नांव यादींत होतें. गेले अकरा दिवस तो रोज थोडा थोडा वेळ बसून एक नवा पोशाख रंगवीत होता. आमचे आजोबा गेल्या वर्षीं वारले. त्यांचा गुलाबी फेटा, काळा कोट, पांढरें धोतर व कपाळावरील बुक्क्याचा टिळा हें सर्व त्यानें त्या ठिपक्यांत बसविलें होतें. काम पुरें झाल्यावांचून तें खेळांत चढवावयाचें नाहीं, असा त्याचा निश्चय असल्यामुळें ती फाइल घरच्या संगणकावर एकच होती, आणि तिला त्यानें खेळांतील स्वतःचें नांव दिलें होतें. आम्हीं स्क्रिप्टला जी जागा दाखविली तीहि नेमकी तीच. स्क्रिप्टनें सर्व्हरवरून त्याचा जुना पोशाख आणला व त्याच नांवाच्या फाइलीवर लिहिला. शाळेस निघण्यापूर्वीं त्यानें फाइल उघडली व आम्हांला हांक मारली, "दादा, आजोबांचा फेटा कुठें गेला?" आम्हीं त्यास काय उत्तर द्यावें हें आम्हांला सुचेना. त्यानें रागाचा एक शब्दहि काढला नाहीं. दप्तर उचललें व तो निघून गेला. तो रागावला असता तर आम्हांस अधिक बरें वाटलें असतें.

ही हानि केवळ एका अक्षरामुळें झाली, हें सांगितल्यास वाचकांस आश्चर्य वाटेल. पायथनमध्यें फाइल उघडतांना ती कशासाठीं उघडावयाची हें एका अक्षरानें सांगावें लागतें. आम्हीं 'डब्ल्यू' हें अक्षर लिहिलें होतें. त्याचा अर्थ, 'लिही. आणि त्या नांवाची फाइल आधींच असेल तर तींतील सर्व पुसून लिही.' त्याऐवजीं 'एक्स' हें अक्षर लिहिलें असतें, तर त्याचा अर्थ झाला असता, 'फाइल नसेल तरच नवी कर. असेल तर तिला हात न लावतां मला कळव.' दोन्ही अक्षरें आमच्या पुस्तकांत एकाच पानावर दिलीं होतीं. आम्हीं तें पान वाचलें होतें; परंतु चालतें तें पुरे, असें समजून पुढें गेलों होतों.

आम्हीं घालून घेतलेले नियम

या प्रसंगानंतर आम्हीं ती स्क्रिप्ट पुसून पुनः पहिल्यापासून लिहिली, आणि स्वतःस कांहीं नियम घालून घेतले. दुसऱ्या कोणत्याहि कामासाठीं स्क्रिप्ट लिहिणारास ते उपयोगी पडतील.

पहिला नियम: आणलेल्या वस्तूंसाठीं नवी, रिकामी जागा करावी, आणि फाइल 'एक्स' या अक्षरानेंच उघडावी. ज्या जागीं दुसऱ्याचें काम ठेवलेलें आहे, तेथें स्क्रिप्टला पाऊल ठेवूं देऊं नये.

दुसरा नियम: स्क्रिप्टला कधींहि मुकी करूं नये. सर्व्हर प्रत्येक मागणीस एक क्रमांक देतो. २०० म्हणजे मागणी पुरी झाली, ४०४ म्हणजे अशी वस्तु येथें नाहीं, ४२९ म्हणजे थांबा. २०० व्यतिरिक्त कांहींहि आलें, तर तें नांव 'राहिलेल्यांच्या' निराळ्या यादींत लिहावें. शिवाय नवें नांव घेण्यापूर्वीं मागील चित्र हातांतून टाकून द्यावें, म्हणजे एकाचें तोंड दुसऱ्यास लागणार नाहीं.

तिसरा नियम: आलेली वस्तु मागितलेलीच आहे काय, हें पारखून घ्यावें. पीएनजी चित्राचे आरंभींचे आठ अंक नेहमीं १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६ व १० हेच असतात. त्यांपैकीं दुसरा, तिसरा व चौथा हे 'पी', 'एन', 'जी' या अक्षरांचे अंक होत. हे आठ अंक जुळले नाहींत, तर तें चित्र नव्हे असें समजून तें लिहूं नये.

चौथा नियम: दोन प्रश्नांमध्यें विसावा घ्यावा. त्यासाठीं एक ओळ पुरते. आम्हीं दर मागणीनंतर दोन सेकंदांचा विसावा ठेवला. त्यामुळें सर्व काम चार मिनिटांच्या आंत झालें व एकदांहि ४२९ आला नाहीं. सर्व्हर आपणां एकट्याचा नाहीं. सार्वजनिक नळावर एकानेंच शंभर घागरी लावल्या, तर मागील माणसानें काय करावें?

पांचवा नियम: प्रथम एका नांवावर, मग तीन नांवांवर, आणि मगच सर्व यादीवर स्क्रिप्ट चालवावी. एका नांवावर झालेली चूक एक चूक असते. ३७ नांवांवर तीच ३७ चुका होते.

चित्र कोणाचें?

येथवर 'कसें आणावें' याचा विचार झाला. 'आणावें काय' याचाहि विचार केला पाहिजे. पोशाख खेळांत इतरांस दिसावा म्हणूनच असतो, व तो दिसण्यासाठीं त्यांच्या संगणकावर उतरावाच लागतो. म्हणून तो नुसता उतरवून पाहण्यांत दोष नाहीं. परंतु उतरवितां येतो म्हणून तो आपला होत नाहीं. आपल्या देशांतील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें स्वतः रचलेल्या चित्रावर चित्रकाराचा हक्क, कोठेंहि नोंद न करतां, तें काढतांक्षणींच उत्पन्न होतो. चित्र चार हजार ठिपक्यांचें असलें म्हणून हा हक्क लहान होत नाहीं. दुसऱ्याचा पोशाख घेऊन त्यावर आपलें नांव घालणें हें दुसऱ्याचा निबंध उतरवून काढून खालीं आपली सही करण्यासारखेंच आहे.

म्हणून नवी स्क्रिप्ट चालविण्यापूर्वीं आम्हीं ३७ जणांना एकेकास भेटून विचारलें. दोघांनीं नको म्हटलें. त्यांचीं नांवें आम्हीं यादींतून काढलीं, व कारण विचारलें नाहीं. उरलेल्या ३५ पैकीं ज्यांनीं पोशाख स्वतः रंगविले होते, त्यांच्या चेहऱ्याखालीं 'स्वतः काढलेलें' असें छापलें. असे नऊच निघाले. परंतु तक्ता लागल्यावर पुष्कळ जण त्या नऊ चेहऱ्यांसमोरच उभे राहत, आणि पुढील वर्षीं आम्हीहि काढूं असें म्हणत.

भावाचा पोशाखहि त्या नऊंत होता. त्यानें आरंभीं अंकगणिताच्या चौकटींच्या वहींत पेन्सिलीनें फेट्याचा व चेहऱ्याचा कच्चा आराखडा काढला होता, तो सुदैवानें शिल्लक होता. त्यावरून दोन रविवार बसून त्यानें चेहरा पुनः रंगविला. कोटाचा व धोतराचा आराखडा नव्हता, तो आठवणीनें केला. पहिल्या कोटाला खिशाजवळ घड्याळाची साखळी चांगली साधली होती, तशी आतां साधली नाहीं, असें तो म्हणतो. आम्हीं पहिला कोट नीट पाहिलाच नव्हता. त्यामुळें त्याचें म्हणणें खरें मानण्यावांचून आमच्यापाशीं दुसरा मार्ग नाहीं.

विद्यार्थिबंधूंनो व भगिनींनो, स्क्रिप्ट लिहिणें कठीण नाहीं. संगणकाच्या तासाला जें शिकवितात तेवढ्यावर, एखादी सुट्टी खर्चून, तुम्हांपैकीं कोणासहि ती लिहितां येईल. आणि आरंभ स्वतःच्याच नांवापासून करावा, हें सर्वांत बरें. परंतु तिला कामाला लावण्यापूर्वीं एक गोष्ट अवश्य करावी. ती कोठें लिहिणार आहे ती जागा उघडून पाहावी, आणि तेथें आधींपासून काय ठेवलेलें आहे व तें कोणाचें आहे, हें घरांतील माणसांस विचारावें. स्क्रिप्ट हें कधींच विचारणार नाहीं. तें विचारण्याचें काम आपलें आहे.